बसल्या जागी बोट लागते

कॉम्प्युटरवर गोळीबाराचा गेम खेळताना पोटात ढवळायला लागलं, की घरचे म्हणतात, 'आणखी खेळ!' आणि मित्र म्हणतात, 'नाजूक आहेस.' दोघांचंही चुकतं. ही मळमळ व्हिडिओ गेमपेक्षा कितीतरी जुनी आहे.

१८९४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मिडविंटर जत्रेत 'भुताचा झोपाळा' होता. खोलीच्या मधोमध, आडव्या दांड्याला टांगलेला. पंधरा-वीस माणसं मावतील एवढा. दार लागलं की झोके सुरू होत, वाढत जात आणि शेवटी झोपाळा सगळ्यांना घेऊन उलटा होत पुरती गिरकी घेई. लोक बैठक घट्ट धरून बसत. प्रत्यक्षात झोपाळा जवळजवळ जागचा हलतच नसे. फिरे ती खोली. सामान सगळं ठोकून बसवलेलं. रॉकेलचा दिसणारा दिवाही खोटा, आत विजेचा छोटा बल्ब. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १८९५ मध्ये हे सारं लिहून ठेवलं. कित्येकांना इतकं गरगरे, की बाहेर पडताना धड चालवत नसे. वुडना युक्ती पुरती ठाऊक होती, तरी पोटात खड्डा पडायचा तो पडलाच. मला या नोंदीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. शरीर समजुतीने घेत नाही.

आतल्या कानात अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला कळतं. जहाजाच्या खोलीत कान सांगतो 'हलतोय', डोळे सांगतात 'स्थिर'. झोपाळ्यात नेमकं उलटं. या विसंवादातून मळमळ होते, असं बहुतेक संशोधक मानतात. नेमकं कसं, यावर वाद आहेत. कानाचा वाटा मात्र पक्का. ज्यांच्या आतल्या कानाचं काम पुरतं बंद पडलंय, त्यांना बोट लागत नाही.

या मळमळीची पुढची पिढी अमेरिकन नौदलात दिसते. १९५७ मध्ये हेलिकॉप्टर शिकवण्याच्या एका सिम्युलेटरमध्ये लोकांना मळमळू लागलं, आणि शिकाऊंपेक्षा प्रशिक्षकांना जास्त! खरं उड्डाण कसं जाणवतं हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं, म्हणून खोटं त्यांना जास्त खुपलं. 'नाजूक' म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मग १९९२ मध्ये 'वुल्फेन्स्टाइन ३डी' आणि १९९३ मध्ये 'डूम' हे गोळीबाराचे गेम आले, आणि सिम्युलेटरचं दुखणं घराघरांत शिरलं. 'डूम'मध्ये चालताना दृश्य पावलागणिक वरखाली डुलतं. खेळणाऱ्याचा हात वळण आधीच ठरवतो, म्हणून तो बराच तग धरतो. शेजारी बसून बघणारा मात्र घाटातल्या गाडीत मागच्या सीटवर बसल्यासारखा लवकर आडवा होतो.

उपायही गेम बनवणाऱ्यांनीच शोधले. २००८ च्या 'मिरर्स एज'मध्ये गच्च्यांवरून उड्या मारताना नजर टेकवायला पडद्याच्या मधोमध एक बारीक ठिपका ठेवला. पुष्कळ गेममध्ये डुलणं बंद करता येतं, दृश्याचा कोन वाढवता येतो. टीव्हीसाठी ठेवलेला अरुंद कोन जवळच्या मॉनिटरवर त्रास देतो. तो नव्वद अंशांच्या आसपास नेला की अनेकांना बरं वाटतं. डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये याच्या उलट करतात: पुढे सरकताना कडा काळ्या करून दृश्य आकुंचित करतात, कारण वेगाची जाणीव जास्त करून नजरेच्या कडेकडून येते. तरीही घाम फुटलाच, तर जोर लावून खेळत राहू नये. गेम थांबवावा, खिडकीतून लांबवर बघावं.