हाताचे ज्ञान : एका संशोधनाचा इतिहास

जालना जिल्ह्यातील राजूर गणपतीच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. या कापूसपट्ट्यात वेचणी करणाऱ्या स्त्रीची बोटे बोंडाला लागण्यापूर्वीच त्याच्या आकारानुरूप वळतात. हे कसे घडते, या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे.

१९०९ मध्ये बुडापेस्टचे डॉक्टर रुडॉल्फ बालिंट यांनी एका रुग्णाची नोंद केली. हातात बळ असूनही समोर दिसणारी वस्तू त्याला उजव्या हाताने नेमकी धरता येईना. डाव्या हाताने मात्र येई. दोष दृष्टी व हात यांची सांगड घालणाऱ्या मेंदूच्या पार्श्विका खंडात होता. १९७५ मध्ये अमेरिकेत व्हर्नन माउंटकॅसल व सहकाऱ्यांना माकडांच्या याच खंडात वस्तू हाताळताना कार्यरत होणाऱ्या चेतापेशी आढळल्या. १९९१ मध्ये गुडेल, मिलनर व सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या रुग्णेला फटीचा तिरकसपणा सांगता येत नसे. पण कार्ड त्याच फटीत ती अचूक सरकवीत असे. यावरून ओळखण्यासाठी पाहणे आणि कृतीसाठी पाहणे यांचे मेंदूतील मार्ग वेगळे आहेत, असे प्रतिपादन गुडेल व मिलनर यांनी १९९२ मध्ये केले.

सारांश, शब्दांत सांगता येते तेवढेच ज्ञान, ही आपली अध्यापकी समजूत अपुरी ठरते. वेचणीला 'अकुशल श्रम' म्हणण्यापूर्वी हा इतिहास स्मरणे उचित होईल.