नानखटाईचा ओव्हन

सोसायटीच्या इतिहासात नानखटाईचा उल्लेख कुणी करणार नाही, म्हणून मी करते. 'नान' म्हणजे फारसीत रोटी. हा पदार्थ सुरतेच्या भट्ट्यांतून आला, असं सांगतात. माझ्या लहानपणी आई मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत रांग लावायची. भट्टीजवळ आम्हा पोरांना मज्जाव!

इथल्या पहिल्या दिवाळीत तळमजल्यावरच्या काकूंनी गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन पॅसेजमध्ये मांडला आणि गोळे वळायला मुलांनाच बसवलं. दोन वाट्या मैद्याला वाटी-वाटी तूप न् पिठीसाखर. माझ्या चार वर्षांच्या लेकाच्या प्रत्येक नानखटाईवर अंगठ्याचा ठसा. काही करपल्या, तरी सगळ्या संपल्या. भाजून होईपर्यंत मोठी मुलं पतंगाच्या कागदाचा कंदील चिकटवत.

काकू आता नाहीत. ओव्हन माझ्याकडे आहे. यंदा वायर बदलून घेतलीय.