निवृत्तीचा छंद, धातुशोधक यंत्र आणि खारूनकाठची माती

१६ नोव्हेंबर १९९२. इंग्लंडच्या सफक परगण्यातील हॉक्सन या खेड्यात एरिक लॉज नावाचे निवृत्त माळी एका शेतात धातुशोधक यंत्र फिरवीत होते. हे यंत्र त्यांना निवृत्तीची भेट म्हणून मिळाले होते आणि शोध चालला होता तो शेतकरी मित्राच्या हरवलेल्या हातोडीचा. यंत्र वाजले, तेव्हा मातीतून चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी निघू लागली. काही वस्तू वर आल्यावर लॉज थांबले आणि त्यांनी वर्दी दिली. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो भाग रीतसर उकरला. सुमारे १५,००० रोमन नाणी आणि सोन्याचांदीच्या सुमारे २०० वस्तू असलेला तो ठेवा पाचव्या शतकाच्या आरंभी पुरलेला होता. लाकडी पेटी कधीच कुजून गेली होती. पण बऱ्याच वस्तू जागच्या जागी राहिल्याने पेटीत काय कसे रचले होते, हेही सांगता आले. हातोडीसुद्धा सापडली, ती आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

धातुशोध हा पाश्चात्त्य देशांत उतारवयातल्या अनेकांचा आवडता छंद आहे. मोकळ्या हवेतली संथ चाल, कानाला लागलेली उत्सुकता आणि इतिहासाची ओढ, हे सारे त्यात एकत्र येते. भिलाई आणि रायपूर यांच्यामध्ये, खारून नदीच्या काठी वसलेल्या कुम्हारीसारख्या गावातही असे यंत्र आज सहज मागविता येते. पोलाद कारखान्यात हयात घालविलेल्या माणसांना धातूचे वेड असणेही स्वाभाविक आहे. मात्र यंत्र मागविता आले म्हणून जमीन उकरता येते असे नाही. त्यामागे कायदा आहे आणि कायद्याहून मोठे असे एक शास्त्रीय कारणही आहे.

या यंत्राचा जन्म छंदासाठी झाला नव्हता. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत-चुंबकीय उपकरण तयार केले. प्रयत्न फसला. बिछान्यातल्या पोलादी स्प्रिंगांमुळे संकेत गोंधळले, शिवाय डॉक्टरांनी गोळी ज्या बाजूला असल्याचे गृहीत धरले होते, ती बाजूच चुकीची होती. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. पुढे १९३०च्या दशकात गेरहार्ड फिशर यांनी हाती धरून वापरण्याजोग्या यंत्राचे पेटंट मिळविले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांच्या सुरुंगशोधकाने एल अलामीनच्या वाळवंटात सैन्याला वाट मोकळी करून दिली.

तत्त्व सोपे आहे. कॉइलमधून सतत बदलता विद्युतप्रवाह वाहतो आणि तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते मातीतल्या धातूपर्यंत पोहोचले की धातूत लहान भोवरे-प्रवाह उठतात. त्यांचे क्षीण क्षेत्र यंत्र टिपते आणि कानाशी आवाज होतो. नाण्याएवढी वस्तू बहुधा वीतभर खोलीपर्यंतच कळते. लोखंड आणि चांदी यांतला फरक चांगले यंत्र बऱ्याच अंशी सांगते. मात्र ती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी आणि किती शतके पडून आहे, हे ते सांगू शकत नाही. ते ज्ञान मातीत असते आणि फावडे चालले की नष्ट होते.

एखादा ठेवा पूर्ण हाती येण्याचे मोल महाराष्ट्राने अनुभवले आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची १३,२५०हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उमटविला होता. पराभूत राजाचे चलन जेत्याने किती मोठ्या प्रमाणावर आपलेसे केले, हे एकट्यादुकट्या नाण्यावरून कधीच कळले नसते. १९३९मध्ये वऱ्हाडातील तऱ्हाळा येथे सुमारे १,६०० सातवाहन नाण्यांचा साठा मिळाला. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा पुराणांतल्या वंशावळीत नसलेल्या राजांची नावे उजेडात आली.

याच मिराशींनी कलचुरी-चेदी संवताच्या कोरीव लेखांचा जो ग्रंथ १९५५ साली सिद्ध केला, त्यात छत्तीसगडच्या रतनपूर आणि रायपूर येथील कलचुरींचे लेख आहेत. १९५६पर्यंत दुर्ग-रायपूरचा कारभार नागपुराहून चाले. त्यामुळे छत्तीसगडच्या इतिहासाची पुष्कळशी उकल मराठी विद्वानांच्या मेजावर झाली.

संदर्भ हरपला म्हणजे काय होते, याचे उदाहरण दायमाबादचे. १९७४ साली प्रवरेकाठच्या या गावी छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार अजोड कांस्यशिल्पे मिळाली. त्यांच्या कष्टातून देशाला अमोल ठेवा लाभला. पण शिल्पे शास्त्रीय उत्खननातल्या थरात सापडली नसल्याने त्यांच्या काळाविषयी वाद उभा राहिला. बहुतेक अभ्यासक ती उत्तर हडप्पाकालीन मानतात. काहींनी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्यावर शंका घेतली. थराचा पुरावा असता, तर वादाला इतकी जागाच उरली नसती.

खारूनकाठची माती अशीच बोलकी आहे. कुम्हारी ज्या नदीवर आहे, त्याच नदीच्या काठी दुर्ग जिल्ह्यातील पाटण तालुक्यात तरीघाट येथे राज्याच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन करून प्राचीन नगराचे अवशेष उघडे केले. प्राचीन दक्षिण कोसलात, म्हणजे आजच्या छत्तीसगडच्या परिसरात, शरभपुरीय राजांनी पाचव्या-सहाव्या शतकांत सोन्याच्या पातळ पत्र्यावर एका बाजूने ठोकून गरुडाची उठावदार नाणी काढली. अशा नाजूक पत्र्यावर कुदळीचा एक घाव पडला, तरी लेख वाचता येणार नाही.

आता कायदा. १८७८चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. १० रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास त्याचे स्वरूप, किंमत, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. लपविणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि १ वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. कळविणाऱ्याला मात्र हा कायदा चोर मानीत नाही. ठेवा बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर साधारणपणे तीन-चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक-चतुर्थांश मालकाला मिळतो. सरकारने तो घ्यायचे ठरविल्यास धातूच्या किमतीवर एक-पंचमांश अधिक देते. शिवाय १००हून अधिक वर्षे जुन्या नाण्यांना आणि मूर्तींना १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होतो. संरक्षित स्थळी परवान्याविना खणणे हा तर गुन्हाच आहे.

मग निवृत्त माणसाने हा छंद सोडून द्यावा काय? तसे नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४ साली हौशी धातुशोधकांनी पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली रांगेने चालून गोळ्या आणि काडतुसे शोधली. प्रत्येक संकेतावर निशाण रोवले, नोंद झाली आणि मगच माती हलली. त्या नोंदींवरून १८७६च्या लढाईचा क्रम नव्याने मांडता आला. हाताशी वेळ, अंगी चिकाटी आणि गावची प्रत्येक टेकाडी ठाऊक असणे, हे वडीलधाऱ्यांचे भांडवल कोणत्याही यंत्राहून मोठे आहे. स्वतःच्या अंगणात हरवलेली अंगठी त्यांनी खुशाल शोधावी. पण शेतात, तळ्याकाठी वा नांगराखाली जुने नाणे दिसले, तर ते घासूनपुसून चकचकीत करू नये आणि सोनाराकडेही नेऊ नये. जागेचे छायाचित्र घ्यावे, खूण करावी आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. नाणे एका घराच्या कपाटात राहिले तर ती नुसती चीजवस्तू. जागेच्या नोंदीसह संग्रहालयात पोहोचले तर तो साऱ्या खोऱ्याचा पुरावा होतो.

#विज्ञानाचा_इतिहास #पुरातत्त्व #नाणकशास्त्र