गोळीचा खर्च कोण करतो?

आजचा एपिसोड ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी हा लेखी मजकूर. बोलताना अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं आहे.

आधी चार नावं. राज्यवर्धन राठोड, २००४, अथेन्स, रौप्य. अभिनव बिंद्रा, २००८, बीजिंग, सुवर्ण. विजय कुमार आणि गगन नारंग, २०१२, लंडन, अनुक्रमे रौप्य आणि कांस्य. २०१२ पर्यंत नेमबाजीत भारताला मिळालेली ऑलिंपिक पदकं ही एवढीच. आता पदक बाजूला ठेवा आणि एक अगदी मध्यमवर्गीय प्रश्न विचारा. यांच्या गोळ्यांचे पैसे कोणी भरले?

बिंद्राच्या घरी स्वतःची शूटिंग रेंज होती. नारंगच्या वडिलांनी मुलाच्या रायफलसाठी जमिनीचा तुकडा विकला. उरलेले दोघे सैन्यातले. म्हणजे रस्ते तीनच: घरची श्रीमंती, घरच्यांचा त्याग, नाहीतर लष्कर. हा तिसरा रस्ता कसा तयार झाला, आणि त्यावरून कोणाला जाऊ दिलं गेलं, हा आजचा विषय.

क्रिकेटचं कसं, फळी आणि रबरी बॉल मिळाला की गल्लीत सुरू. नेमबाजीचं तसं नाही. तिथे प्रत्येक प्रयत्नाला पैसे पडतात, कारण उडालेली गोळी परत येत नाही. त्यात परवाना लागतो. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी सामान्य भारतीयाच्या हातातून बंदूक जवळजवळ काढूनच घेतली होती. मग बंदूक उरली कोणाकडे? संस्थानिकांकडे, साहेबाकडे आणि फौजेकडे. त्यामुळे स्वतंत्र भारताचा पहिला मोठा नेमबाज बिकानेरचा महाराजा निघाला, यात नवल नाही. डॉ. करणीसिंह १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिंपिक खेळले, आणि १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यही मिळवलं. माणूस मोठा होता, प्रश्नच नाही. पण त्यांच्याकडे पाहून एखाद्या शिक्षकाच्या मुलाला 'आपणही करू' असं वाटलं असेल का? मला नाही वाटत.

आता एक मराठी नाव. गणेश वासुदेव मावळंकर. लोकसभेचे पहिले अध्यक्ष. घराणं मूळचं संगमेश्वरजवळच्या मावळंग्याचं, आयुष्य गेलं अहमदाबादेत. गांधीजींच्या चळवळीतला माणूस, तुरुंगात जाऊन आलेला. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, ती या दादासाहेब मावळंकरांच्या पुढाकाराने! अहिंसेच्या चळवळीतून आलेला माणूस रायफल संघटना काढतो, हे वाचून मी दोनदा खात्री करून घेतली. त्यांची भूमिका सरळ होती: नागरिकाला नेम धरता यायला हवा, स्वसंरक्षणासाठी आणि खेळासाठीही. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी होणारी अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते. पोरं 'मावळंकर खेळून आलो' असं सहज म्हणतात. त्यातल्या किती जणांना हे मावळंकर कोण ते माहीत असेल, देव जाणे.

पण संघटना म्हणजे गोळ्या नव्हेत. गोळ्या होत्या लष्कराकडे, आणि त्या साध्या घरातल्या पोरापोरींपर्यंत पोहोचवणारी मोठी योजना म्हणजे एनसीसी. १९४८ च्या कायद्याने ती सुरू झाली. परेड, पीटी, कॅम्प आणि .२२ रायफलचं फायरिंग, म्हणजे शरीर घडवायचं आणि त्यातच नेमबाजीही शिकवायची. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, ती कॉलेजात सक्तीची झाली. १९६८ मध्ये सक्ती उठली. घरात आजोबांना विचारून बघा, त्या पाच वर्षांतले असतील तर खाकी हाफ पँटची एक तरी गोष्ट निघेल.

मी स्वतः इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांत एनसीसीत होते. कॅम्पमध्ये एका कॅडेटच्या वाट्याला पाच गोळ्या. पोटावर झोपायचं, श्वास रोखायचा, पाच वेळा ट्रिगर दाबायचा, संपलं. त्यानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. एक पुंगळी कमी भरली तर सगळी प्लाटून गवतात शोधत बसते. त्या पाच गोळ्यांत चॅम्पियन घडत नाही. पण आपल्याला हे जमतंय की नाही, एवढं मात्र कळतं, आणि फुकटात कळतं.

मुंबईच्या कीर्ती कॉलेजातल्या एका मुलीला ते एनसीसीतच कळलं. अंजली वेदपाठक, म्हणजे आपल्या अंजली भागवत. २००० साली सिडनीत त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. ऑलिंपिक नेमबाजीची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला. दार उघडलं होतं लष्कराच्या योजनेने.

आता जरा मध्य प्रदेशात. महू. बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून आपल्याला माहीत असलेलं. त्यांचे वडील सुभेदार रामजी तिथल्या छावणीत होते. त्याच महूत लष्कराचं आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. इथे सैनिकाचं काम एकच, नेमबाजी. हिमाचलचा विजय कुमार २००१ मध्ये डोग्रा रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि पुढे इथे आला. शिकवायला रशियन प्रशिक्षक पावेल स्मिर्नोव्ह. विजयचा प्रकार २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल. त्यात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. चार सेकंद! तेवढ्यात माझा फोन अनलॉकसुद्धा होत नाही. असा हात बसवायला वर्षानुवर्षं रोज गोळ्या उडवाव्या लागतात. ज्याचं पोट पगारावर आहे त्याला तो खर्च स्वतःच्या खिशातून झेपणं शक्यच नाही. लंडनच्या अंतिम फेरीत विजयने ४० पैकी ३० लक्ष्यं टिपली. स्कोअरबोर्डसमोर उभा होता एक सुभेदार.

याच प्रकारातली हंगेरीची गोष्ट सांगायलाच हवी. कारोली ताकाच १९३६ च्या ऑलिंपिकला जाऊ शकला नाही, कारण तो सार्जंट होता आणि संघात फक्त कमिशन्ड अधिकारी घ्यायचे असा नियम होता. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ व १९५२ अशी दोन सुवर्णं जिंकली. हात गेला तरी तो जिंकला. फक्त हुद्दा कमी पडला तेव्हा मात्र त्याचा इलाज चालला नाही. लष्कर खेळाला पैसे देतं, पण आपली उतरंडही बरोबर आणतं, ती अशी.

महूतही लाड नव्हते. मूळ नेपाळचा, गोरखा रेजिमेंटमधला जीतू राय. कामगिरी बरी नाही म्हणून त्याला दोनदा युनिटला परत पाठवलं होतं. त्यानेच पुढे २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं.

इतर खेळांतही हेच दिसतं. नाशिक जिल्ह्यात चांदवडजवळचं तळेगाव रोही, पाण्याची बोंब असलेलं गाव. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. २०१२ मध्ये तो सैन्यात गेला, वल्हवणं तिथे शिकला, पुण्यात सीएमईत सराव केला आणि रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. बीडचा अविनाश साबळे महार रेजिमेंटचा जवान. सियाचीनला ड्युटी करून आलेला, स्टीपलचेसकडे वळला तो सैन्यातच. दुष्काळी गावातल्या मुलाला होडी देणारं दुसरं कोण होतं, सांगा.

पण 'मुलाला' हा शब्द लक्षात घ्या. अंजलीताईंना पहिली रायफल एनसीसीने दिली, पण जवान म्हणून भरती होऊन महूला जायचा रस्ता त्यांच्यासाठी नव्हताच. विजयला जे मिळालं, म्हणजे पगार, प्रशिक्षक, रेंज, गोळ्या, ते मुलींसाठी बंद होतं. लष्करात शिपाई पदावर मुलींची पहिली तुकडी, ८३ जणींची, मिलिटरी पोलिसांत दाखल झाली ती २०२१ मध्ये. एनसीसीत माझ्या शेजारी झोपून फायरिंग करणारी एक मुलगी होती, पाचही गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ मारायची. आज ती बँकेत आहे. तिचं छान चाललंय, पण तिला 'पुढे काय' हे सांगू शकेल असं त्या कॅम्पवर कोणीच नव्हतं.

आणि मुलगा असो की मुलगी, गणवेश न चढवता हे जमावं की नको? माझं मत, जमायला हवं. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे सैन्यात नव्हता. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, रेल्वेत नोकरी मिळाली, आणि २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्य घेऊन आला. तरीही मधल्या काळात शिक्षक असलेल्या वडिलांना गोळ्यांसाठी कर्ज काढावं लागलंच.

उलट्या दिशेनेही एक जण आलीय. इटारसीची प्रीती रजक, वडिलांचं कपडे ड्रायक्लीन करण्याचं दुकान. आधी भोपाळच्या सरकारी अकादमीत ट्रॅप नेमबाजी शिकली, डिसेंबर २०२२ मध्ये हवालदार म्हणून सैन्यात आली, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक रौप्य मिळवलं. जानेवारी २०२४ मध्ये तिला बढती मिळाली. भारतीय सैन्यातली पहिली महिला सुभेदार. सरावासाठी तिला पाठवलं महूला.