दलदलीतील दप्तर : उत्तर युरोपातील वनस्पती-वर्गीकरण आणि वनेतिहास

प्रस्तावना :

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट आणि नाणी येतात. पेशवे दप्तरातील रुमाल चाळणाऱ्या अभ्यासकाला दलदलीतील चिखल हेही एक दप्तरच होय असे सांगितले, तर ते त्याला अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे या देशांतील अरण्यांचा हिमयुगानंतरचा, म्हणजे गेल्या सुमारे ११,७०० वर्षांचा इतिहास मुख्यतः याच दप्तरातून लिहिला गेला आहे. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनात वर्गीकरण, उत्क्रांती आणि वनेतिहास ही तीन स्वतंत्र प्रकरणे मानली जातात. उत्तर युरोपातील अरण्यांना काळाचे परिमाण लाभले ते डार्विनच्या ग्रंथाच्या आधी, दलदलीच्या थरांतून. आणि हे थर वाचताना कामी आली ती काळाचा विचारच न करणाऱ्या एका वर्गीकरणातील नावे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

नावांची व्यवस्था :

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे प्राध्यापक कार्ल लिनियस (१७०७-१७७८) यांनी १७३५ मध्ये 'सिस्टेमा नॅचुरी' प्रसिद्ध केला. पुंकेसरांची संख्या व मांडणी पाहून त्यांनी वनस्पतींचे २४ वर्ग केले. ही पद्धती कृत्रिम आहे याची त्यांना स्वतःलाही जाणीव होती व पुढे ती मागे पडली. टिकली ती 'स्पीशीज प्लँटारम' (१७५३) या ग्रंथातील दुपदरी नावे : पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. आपल्या वडाच्या 'फायकस बेंगालेन्सिस' या नावापुढे लिनियसचे आद्याक्षर लिहिले जाते ते याच ग्रंथामुळे.

लिनियसच्या मते जाती ईश्वरनिर्मित व स्थिर होत्या. मात्र हा माणूस समजला जातो तितका एकसुरी नव्हता. समुद्र हटत असून स्वीडनची भूमी वाढते आहे हे त्यांनी १७४३ च्या एका भाषणात मांडले आणि एका पर्वतमय बेटावरून सर्व वनस्पती जगभर पसरल्या अशी कल्पना केली. पुढच्याच वर्षी 'पेलोरिया' या विकृत फुलाच्या वनस्पतीने त्यांना जातींच्या स्थिरतेविषयी साशंक केले. तरीही अरण्यालाच इतिहास असू शकतो हा विचार त्यांच्या व्यवस्थेत बसत नव्हता.

थरांचे वाचन :

तो विचार डेन्मार्कमध्ये आला. जापेटस स्टीनस्ट्रुप यांनी १८४२ मध्ये उत्तर झीलंडमधील दोन दलदलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पीट म्हणजे पाण्याखाली हवेअभावी अर्धवट कुजून साठत गेलेला वनस्पतींचा थर. त्यात त्यांना तळापासून वर क्रमाने ॲस्पेन, पाइन, ओक व ॲल्डर यांचे अवशेष आढळले; भोवतालचे अरण्य मात्र बीचचे होते. डार्विनचा ग्रंथ यायला अजून १७ वर्षे होती. याच काळात कोपनहेगनच्या संग्रहालयात ख्रिश्चन थॉमसेन यांची पाषाण, कांस्य व लोह या तीन युगांची मांडणी रूढ होत होती. साहजिकच पाषाणयुग पाइनचे, कांस्ययुग ओकचे आणि लोहयुग बीचचे अशी सांगड घातली गेली. चार्ल्स लायेल यांनी १८६३ मध्ये मानवाच्या प्राचीनत्वाची चर्चा करताना तिचा आधार घेतला. सांगड आकर्षक होती, पण ती टिकली नाही. डेन्मार्कमधील पहिले शेतकरी, जे पाषाणयुगातीलच होते, ओक-एल्मच्या मिश्र अरण्यात शिरले हे पुढे स्पष्ट झाले. दोन साधनांचा मेळ फार सहज जमला की इतिहासकाराने थांबून पाहावे.

नॉर्वेचे ॲक्सेल ब्लिट (१८७६) यांनी पीटमधील बुंध्यांच्या थरांवरून कोरड्या व ओल्या कालखंडांची आलटापालट मांडली. स्वीडनचे रुटगर सेर्नांडर यांनी ती विस्तारली, तर गुन्नर अँडरसन यांनी तिला कडाडून विरोध केला. बुंधे मोजके व विखुरलेले असल्याने हा वाद केवळ त्यांच्या बळावर सुटणारा नव्हता.

येथे लेनार्ट फॉन पोस्ट यांचे कार्य निर्णायक ठरले. स्वीडनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील या संशोधकाने १९१६ मध्ये क्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो) येथील परिषदेत परागकणांच्या शेकडेवारीचे आलेख सादर केले. परागकणाचे बाह्य कवच पीटमध्ये हजारो वर्षे टिकते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची ओळख पटते. प्रत्येक थरातील बर्च, पाइन, हेझल, ओक यांचे कण मोजले की अरण्याचा जमाखर्चच हाती येतो. येथे लिनियसची नावे मोजणीची एकके झाली.

परंतु ही वही पक्षपाती आहे. पाइन वाऱ्यावर अमाप पराग सोडतो, तर लिंडेनचे परागीभवन मुख्यतः कीटकांमार्फत होत असल्याने त्याची नोंद वास्तवापेक्षा कमी दिसते. शिवाय गवतांचे कण बहुधा कुलापर्यंतच ओळखता येतात, जातीपर्यंत नाही. आपण बखरींना जे प्रश्न विचारतो, तेच येथे विचारावे लागतात : नोंद कोणी केली, कोणाची झाली, कोणाची राहून गेली? पुढे रेडिओकार्बन कालमापनाने परागपट्ट्यांच्या सीमा सर्वत्र समकालीन नसल्याचे दाखविले. ब्लिट-सेर्नांडर यांची कालनामे आता सैलपणेच वापरली जातात. २०१८ मध्ये या कालखंडाचे अधिकृत विभाजन झाले तेव्हा गेल्या सुमारे ४,२०० वर्षांच्या विभागाला मेघालयातील एका गुहेच्या पुराव्यावरून 'मेघालयन' असे नाव मिळाले.

योहान्स इव्हर्सन यांनी १९४१ मध्ये या आलेखांत माणूस शोधला. डेन्मार्कच्या पीटमध्ये एका पातळीवर वृक्षांचे पराग घटतात, कोळशाचे कण दिसतात, मग धान्याचे व भालाकृती पानांच्या प्लँटेन या तणाचे पराग येतात. काही काळाने अरण्य पुन्हा भरून येते. याला त्यांनी 'लांदनाम', म्हणजे भूमीचा ताबा, असे म्हटले. १९५० च्या दशकात द्राव्हेड येथील अरण्यात पाषाणयुगातील खऱ्या कुऱ्हाडींनी झाडे तोडून, जाळून, पेरणी करून त्यांनी व सहकाऱ्यांनी या अन्वयार्थाची परीक्षा घेतली. सुमारे ६,००० वर्षांपूर्वी एल्म का घटला याविषयी मात्र एकमत नाही. शेती, चाऱ्यासाठी पाला छाटणे आणि झाडांचा रोग अशी तिन्ही कारणे पुढे केली जातात. मानवपूर्व 'नैसर्गिक' अरण्य कोठे संपते हे ठरविणे त्यामुळे अवघड झाले आहे.

उत्क्रांतीचा वाटा या कथेत अल्प आहे, कारण ११,७०० वर्षे वृक्षांच्या नव्या जाती घडण्यास अपुरी पडतात. जाती त्याच राहिल्या, त्यांच्या वसाहती बदलल्या. तरी नवी जाती कशी घडू शकते याचे एक उत्तर स्वीडनमध्येच मिळाले. लिनियसने नाव दिलेली 'गॅलिऑप्सिस टेट्राहिट' ही जाती आर्ने म्युंट्झिंग यांनी १९३० च्या सुमारास दोन अन्य जातींच्या संकरातून, गुणसूत्रे दुप्पट होऊन, प्रयोगात पुन्हा निर्माण केली. जातींच्या स्थिरतेच्या सिद्धांताला त्याच्या जन्मभूमीतच मिळालेले हे उत्तर होते.

स्थलांतराचा प्रश्न मात्र अद्याप खुला आहे. सर्व वृक्ष हिम वितळल्यावर बाहेरून आले, की काही जागेवरच तगले? २०१२ मध्ये नॉर्वेच्या आन्दोया बेटावरील सरोवराच्या गाळातून हिमयुगातील स्प्रूस व पाइनचा डीएनए मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. आक्षेपकांनी लगेच विचारले की त्या थरांत या झाडांची पाने, बिया वा लाकूड का नाही, आणि डीएनए अन्यत्रून मिसळला नाही कशावरून? त्यावर उत्तरे-प्रत्युत्तरे झाली असून सर्वमान्य निर्णय झालेला नाही.