शब्दवेध : स्नायू

आखाड्यात पैलवान दंड फुगवून दाखवतो, त्याला आज मराठीत ‘स्नायू’ म्हणतात. प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताला हे मान्य झालं नसतं. त्याच्या संहितेतल्या शारीरस्थानात स्नायू म्हणजे सांधे आवळून धरणारे चिवट, तंतुमय बंध, संख्या ९००. फळ्या नीट बांधलेली नाव पाण्यात भार पेलते, तसं स्नायूंनी बांधलेलं शरीर, असं तो सांगतो. मांसाच्या पट्ट्यांना त्याचा शब्द ‘पेशी’, त्या ५००.

पुढे वाटा फुटल्या. बंगालीत स्नायू मज्जातंतू झाला. ग्रीक ‘न्यूरॉन’ हा त्याचा दूरचा भाऊबंदही कंडरेकडून मज्जातंतूकडेच गेला. हिंदीत मांसपेशी टिकली. मराठीत स्नायू मांसल झाला, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि मूळच्या बंधासाठी ‘अस्थिबंध’ असा जोडशब्द करावा लागला.