६८ मोठे की ६९? रणजीच्या तक्त्यात न दिसणारी गोष्ट

गुरुकुंज मोझरीहून बोलतोय. आज दोन आकड्यांपासून सुरुवात करू.

२०१८-१९च्या रणजी हंगामात बिहारच्या आशुतोष अमननं ६८ विकेट घेतल्या. बिशनसिंग बेदींचा १९७४-७५पासूनचा ६४ विकेटचा विक्रम मोडला. मग २०२४-२५मध्ये आपल्या विदर्भाच्या हर्ष दुबेनं ६९ घेतल्या आणि अमनही मागे पडला. तिघंही डावखुरे फिरकी गोलंदाज. कागदावर फरक फक्त एका विकेटचा.

पण जरा खाली वाचा. अमनला ८ सामने पुरले, दुबेला १० लागले. अमनची सरासरी साडेसहाच्या आत, दुबेची जवळपास १७. मग अमन भारी? थांबा. अमन प्लेट गटात खेळत होता. समोर सिक्कीम, मिझोराम, अरुणाचल अशा टीम, ज्या त्याच वर्षी रणजीत आल्या होत्या. दुबेच्या समोर बाद फेरीत तामिळनाडू, मुंबई आणि केरळ. आता कोणी म्हणेल, "काऊन बावा, विकेट म्हणजे विकेट!" तक्ता तेच म्हणतो. पण निवड करणाऱ्या माणसाला विचारावंच लागतं, की समोर कोण होतं?

अमेरिकेत कॉलेज बेसबॉलमध्ये हा प्रश्न सरळ गणितात घातलाय. तिथं पहिल्या श्रेणीत सुमारे ३०० कॉलेज टीम आहेत. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून क्रमवारीसाठी त्यांनी आरपीआय नावाचा निर्देशांक वापरला. त्यात तुमच्या स्वतःच्या विजयांना फक्त २५ टक्के वजन. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या कामगिरीला ५० टक्के, आणि ते ज्यांच्याशी खेळले त्यांना उरलेले २५. म्हणजे तीन चतुर्थांश हिशेब दुसऱ्यांचा! २०१३पासून तर बाहेरच्या मैदानावरच्या विजयाला जास्त आणि घरच्या विजयाला कमी भाव दिला. ऐकायला न्याय्य वाटतं. पण लहान कॉलेजची अडचण बघा, मोठी टीम त्यांच्याकडे खेळायला येतच नाही. मग वेळापत्रक तगडं करायचं तरी कसं?

आपल्या रणजीत असं सूत्र कधी नव्हतं. आपण टीमना गटांत वाटलं आणि प्रश्न तिथंच मिटला असं धरून चाललो. तो मिटला नव्हता.

रणजी सुरू झाली १९३४-३५मध्ये. तेव्हा आपली टीम होती सी. पी. अँड बेरार. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड, नावातच होतं. विदर्भ या नावानं आपण १९५७-५८पासून खेळतोय, मध्य विभागात. त्याच हंगामापासून विभागात साखळी सामने सुरू झाले. पाच विभाग, आणि प्रत्येकातून एकच टीम पुढं.

आता पश्चिम विभागाचा विचार करा. तिथं मुंबई. १९५८-५९पासून १९७२-७३पर्यंत सलग १५ वेळा रणजी जिंकलेली मुंबई! महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र यांना बाद फेरीत जायचं तर आधी हिला मागं टाकायचं. दुसरीकडे मध्य विभागातून राजस्थान १९६०च्या दशकात पुन्हा पुन्हा फायनलला गेला, आणि दर वेळी मुंबईकडून हरला. इतिहासात उपविजेता म्हणून नाव राजस्थानचं. पण देशातली दुसऱ्या नंबरची टीम खरंच तीच होती का?

याचा एक झकास पुरावा आहे. १९७०-७१मध्ये नियम बदलला आणि विभागातल्या पहिल्या दोन टीम पुढं जाऊ लागल्या. त्याच पहिल्या वर्षी फायनल झाली मुंबई विरुद्ध महाराष्ट्र! मुंबई जिंकली, पण फक्त ४८ धावांनी. दोघंही पश्चिम विभागातले. जुना नियम असता तर ही फायनल होऊच शकली नसती. मला विचाराल तर रणजीच्या नियमांवर याहून चांगली टिप्पणी कोणी केलेली नाही.

२००२-०३मध्ये विभाग गेले, एलिट आणि प्लेट आले. विदर्भानं प्लेटमध्ये बरीच वर्षं काढली. प्लेटमध्ये कितीही धावा काढा, ऐकणारा म्हणणार, "हो, पण प्लेटमध्ये ना?" राजस्थाननं २०१०-११मध्ये प्लेटमधून येऊन थेट रणजीच जिंकली, तेव्हा कुठं या वाक्याची धार थोडी बोथट झाली.

आणि मग आपली पाळी. २०१७-१८मध्ये २८ टीम, चार गट. विदर्भ ड गटात होता. सोबत बंगाल, पंजाब, हिमाचल, सेनादल, गोवा, छत्तीसगड. गटात मुंबई नाही, कर्नाटक नाही, दिल्ली नाही. विदर्भ पहिला आला खरा, पण शंकेला जागा होती. ती बाद फेरीत मिटली. केरळला हरवलं. कोलकात्यात कर्नाटकला फक्त ५ धावांनी हरवलं, दुसऱ्या डावात रजनीश गुरबानीच्या ७ विकेट. इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध गुरबानीची हॅटट्रिक, आणि १ जानेवारी २०१८ला विदर्भ पहिल्यांदा चॅम्पियन. त्या फायनलमध्ये अकोल्याच्या आदित्य ठाकरेनं रणजी पदार्पण केलं होतं, हे आपल्या भागात विसरू नये.

पुढच्याच वर्षी रणजीत ३७ टीम झाल्या. एलिटच्या अ आणि ब गटांतल्या १८ टीममधून ५ पुढं, क गटातून २, प्लेटमधून १. म्हणजे नऊ प्लेट टीमना मिळून एकच जागा! ती उत्तराखंडनं मिळवली, आणि नागपुरात विदर्भानं त्यांना एक डाव आणि ११५ धावांनी हरवलं. विदर्भानं ती रणजीही जिंकली.

हा हिशेब फक्त मोठ्या टीमचा नाही. अमरावतीचा जितेश शर्मा, अकोल्याचा अथर्व तायडे असे खेळाडू पुढं गेले, पण तिवसा किंवा मूर्तिजापूरच्या पोराचं काय? तालुक्याच्या मॅचमध्ये त्यानं शतकावर शतक ठोकलं तरी पहिला प्रश्न तोच येतो, की बॉलिंग कोणाची होती? तगडा बॉलर बघायचा तर नागपूर गाठावं लागतं. खोली, मेस, भाडं, सगळं आलं. वेळापत्रकाची ताकद शेवटी बापाच्या खिशातून मोजली जाते.

अमनची गोष्ट राहिली. २०२२-२३मध्ये त्याच्या कप्तानीत बिहारनं प्लेट जिंकली आणि ते एलिटमध्ये आले. जानेवारी २०२४मध्ये पाटण्यात पहिलीच मॅच, समोर मुंबई. याच मॅचमध्ये १२ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीनं रणजी पदार्पण केलं. बिहार एक डाव आणि ५१ धावांनी हरला. दोन हंगामांत ते परत प्लेटमध्ये गेले.